टेबल सातचा निरोप

४ फेब्रुवारी

ताईंना नमस्कार,

अक्षर ओळखून दचकाल. दीड वर्षात माझं हे पहिलंच पत्र. तुमच्याशी माझं कधी वाजलं नव्हतं, तरी तुमच्या भावाबरोबर तुम्हालाही सोडून बसले. हे मी बरं केलं नाही. आई कशा आहेत? उजवा हात हलायला लागला का? त्यांना उचलताना आधी गुडघ्यामागे हात घालायचा, हे मी दाखवलं होतं ते लक्षात आहे ना?

आता मुद्द्याचं. तुमच्या भावाच्या वकिलाचे कागद मिळाले. दोघांच्या संमतीने वेगळं व्हायचं, खाली सही करायची, महिनाअखेरीपर्यंत पाठवायचे. त्याला माझी ना नाही. पण कागदांसोबत त्याच्या हातची एक चिठ्ठी आहे. एकच ओळ. ‘तेव्हा मला एकदा विचारायला हवं होतंस.’

हेच वाक्य त्याने दीड वर्षापूर्वीही लिहिलं होतं. तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. विचारलं नाही म्हणजे काय? मी विचारलं होतं. गुरुवार, नऊ ऑगस्ट. सहा महिन्यांच्या कामावर मी इकडे आले होते तेव्हा. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या खालच्या बूथवरून त्याच्या पेजरवर निरोप दिला होता. तोंडपाठ आहे मला: ‘कायमची नोकरी मिळतेय. तू इकडे येशील? शनिवारी पाचला फोन कर. नाही केलास तर समजेन.’ शंभर अक्षरांत बसावा म्हणून रक्ताच्या नमुन्यांच्या वहीमागे तीनदा लिहून बघितला होता. ऑपरेटरबाईंनी तो परत वाचूनही दाखवला, जसाच्या तसा. वाचताना एकदा अडखळल्या, एवढंच.

शनिवारी चार वाजल्यापासून मी घरमालकिणीच्या व्हरांड्यात फोनशेजारी स्टुलावर बसले होते. फोन आला नाही. सोमवारी मी कायमच्या नोकरीवर सही केली. पुढच्या शनिवारी त्याचा फोन आला तेव्हा ‘घरात नाही’ म्हणून सांगायला लावलं. त्याच्या पुढच्याही. उत्तर मिळालं होतं, आता काय बोलायचं होतं?

पण माणूस एकच वाक्य दोनदा खोटं का लिहील, हे आता डोक्यातून जात नाही. तुम्ही त्याच पेजरच्या ऑफिसात आहात. तुमच्याकडे रजिस्टर असेल, कॉम्प्युटर असेल. त्या दिवशी तो निरोप गेला का, एवढंच बघून कळवाल?

गेला असेल तर मी सही करून मोकळी होईन.

तुमची,
सुई


९ फेब्रुवारी

प्रिय सुईबाई,

अगं, पत्र बघून इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी ठेवलेलं नाव तू अजून लावतेस, तेवढ्यानेच मला भरून आलं. आईला वाचून दाखवलं (वकिलाचं गाळून). हात हलतो, पण बोटं मिटत नाहीत. जीभ अजून जडच आहे. एखादाच शब्द बोलते, तोही मनात आला तर. उचलायचं काम अजून धाकट्याचंच. दिवसभर लोकांच्या बंद पडलेल्या लिफ्ट वर-खाली करतो आणि घरी आला की आईला पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून पलंगावर. मी म्हणते, तुझी ड्युटी काही संपत नाही बाबा.

आता तुझ्या कामाचं. अगं, आमच्याकडे निरोपांची नोंद तीनच महिने ठेवतात, मग पुसून टाकतात. दीड वर्षापूर्वीचं आता कुठून सापडणार? आणि आता तर ऑफिसच गुंडाळतायत. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आला, पेजर कोण घेतो? चोवीस टेबलांची नऊ उरली. काल चार माणसं आली आणि माझ्या शेजारच्या खुर्च्या एकावर एक रचून घेऊन गेली. अठ्ठावीस तारखेला कुलूप. सुपरवायझरबाईंनी भिंतीवरची ‘सांगितलेला निरोप जसाच्या तसा’ ही पाटी घरी न्यायची म्हणून आत्ताच सांगून ठेवलीय. घरी नेऊन काय नवऱ्याला दाखवणार आहेत?

माझ्या टेबलावर तुझा फोन कधी आलाच नाही. आला असता तरी मला घेता आला नसता. नातेवाइकाचा फोन लागला तर शेजारच्या टेबलाला द्यायचा, असा आमचा नियमच आहे. मी नियमाला पक्की, तुला माहीतच आहे.

एक शक्यता मात्र मला वाटते. धाकटा लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला असला की पेजर मुका होतो. चारी बाजूंनी भिंत आणि वर लोखंड. निरोप जातो आणि हवेतच विरतो. असं त्याचं कितीदा झालंय! तसंच झालं असेल बघ. कुणाचाच दोष नाही.

त्याला म्हणावं तर अजून तो पेजर सोडत नाही. कंपनीने मोबाईल दिलाय, तो पिशवीत, आणि पट्ट्याला पेजर. सेल बदलायचा असला की नवा सेल आधी दातांत धरतो, मग जुना काढतो, एका श्वासात बदलतो. बॉम्ब निकामी करत असल्यासारखा. मेकॅनिकची खोड, दुसरं काय.

तू सहीचं काय ते शांतपणे ठरव. मी मध्ये बोलणारी कोण? ज्याचं त्याला.

तुझी,
ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

तुमचं पत्र चारदा वाचलं. लिफ्टच्या खड्ड्याचं वाचून आधी हसू आलं आणि मग रडू. दीड वर्ष मी ज्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या तो बिचारा त्या वेळी खड्ड्यात उभा होता, असं डोळ्यांसमोर आलं. लॅबमध्ये त्या दिवशी एका म्हाताऱ्यांच्या हातात दोनदा सुई चुकली.

पण मग एक आठवलं. शुक्रवारी, म्हणजे दुसऱ्या दिवशी, मला धीर निघेना म्हणून मी परत फोन करून विचारलं होतं, कालचा निरोप पोचला का? तिकडून उत्तर आलं, ‘गेला आहे. काळजी करू नका.’ मी विचारलं, कोण बोलतंय? त्या म्हणाल्या, ‘टेबल सात.’ तुमच्याकडे नावं सांगत नाहीत ना. खड्ड्यात विरला असता तर त्या एवढ्या ठाम कशा बोलल्या? आणि त्याचा दर शनिवारचा फोन नेमका त्याच शनिवारी कसा चुकला?

टेबल सातवर तेव्हा कोण बसायचं, ताई? नऊजणी उरल्यात म्हणता. त्या असतील तर विचाराल? रागावणार नाही म्हणावं. मला फक्त खरं हवंय.

कागदांवर मी सही केली आहे. पाकीट बंद करून टेबलावर ठेवलंय. बावीस तारखेला शनिवार आहे, मला अर्धी सुट्टी. त्या दिवशी पोस्टात टाकीन. त्याआधी काही कळलं तर ठीक, नाहीतर नाही.

तुमच्या भावाला मी सरळ विचारू शकते, हे मलाही कळतं. पण तो ‘नाही मिळाला’ म्हणाला तर मी विश्वास ठेवीन का? आणि ‘मिळाला’ म्हणाला तर? म्हणून आधी तुम्हाला विचारतेय.

सुई


१७ फेब्रुवारी

सुई,

टेबल सातवर मी बसायचे. अजूनही बसते.

हे एवढं लिहायला मला दोन दिवस लागले. तीन कागद फाडले. पहिल्यावर लिहिलं होतं की टेबल सातवाली नोकरी सोडून गेली. दुसऱ्यावर तिला मारूनच टाकलं होतं. स्वतःच्याच हाताने स्वतःचं सुतक लिहीत बसले होते, तेव्हा आई पलंगावरून माझ्याकडे बघत होती. तिला काही कळत नाही असं आपण धरून चालतो, पण बघते अशी की चोरी पकडल्यासारखं होतं.

आता सगळं सांगते. मध्ये थांबले तर परत धीर होणार नाही.

तू तिकडे सहा महिन्यांच्या कामावर गेलीस, त्या पहिल्याच आठवड्यात तुझा फोन माझ्या टेबलावर लागला. ‘नमस्कार, पेजर नंबर सांगा,’ म्हटलं, आणि तू धाकट्याचा नंबर सांगितलास. नियमाप्रमाणे शेजारी द्यायला हवा होता. नाही दिला. म्हटलं, एकदा घेऊ, बघू तरी काय म्हणतेय. तू म्हणालीस, ‘आज तीन शिरा चुकल्या, तू असतास तर हसला असतास.’ मला इतकं हसू आलं की मी माईकवर हात धरला. मग तुझे फोन माझ्याकडेच लागत गेले. योगायोग म्हणायचा की काय, पण लागायचे. मीही एकदासुद्धा दुसरीकडे दिला नाही. ‘दुपारी झोपले, तुझं स्वप्न पडलं, त्यात तू लिफ्टमध्येच राहत होतास आणि मी बेल वाजवून वाजवून थकले.’ नवरा-बायकोचं बोलणं. मोठ्या नणंदेने ऐकू नये असं. मी ऐकलं, टाइप केलं, परत वाचून दाखवलं, आणि संध्याकाळी घरी धाकटा पेजर बघत गालात हसायला लागला की माहीत नसल्यासारखं विचारायचे, ‘काय रे, काय झालं?’ आता लिहिताना कान गरम झालेत माझे.

नऊ ऑगस्टला तू तो निरोप सांगितलास. मी परत वाचला. ‘तू इकडे येशील?’ इथे अडखळले ती मीच.

तो येणार, हे मला त्याच क्षणी कळलं. विचार करायलाही थांबला नसता. लिफ्ट काय सगळीकडे असतात. आणि मग मी डोळ्यांसमोर आणलं: सकाळी सहा वाजता आई पलंगावर, आणि मी एकटी. त्याच आठवड्यात मी तिला एकटीने उचलायला गेले होते. माझ्या हातातून ती निसटली. पाऊण तास आम्ही दोघी फरशीवर बसून होतो, धाकटा येईपर्यंत. ती ओली झाली होती आणि लाजेने डोळे मिटून बसली होती. मी धाकट्याला सांगितलं, आताच पडली. तो पाऊण तास माझ्या अंगात भरला होता.

हे कारण सांगतेय, सबब नाही. सबब असती तर तेव्हाच उघड बोलले असते. तुम्हाला दोघांना समोर बसवून म्हणाले असते, मला एकटीला झेपणार नाही रे, काहीतरी करा. तुम्ही केलंही असतं. पण मला तोंड उघडायची लाज वाटली आणि त्याऐवजी हे करायची नाही वाटली.

तुला जसाच्या तसा वाचून दाखवला. ‘पाठवते’ म्हणाले. तू फोन ठेवलास. मग मी सगळी अक्षरं पुसली आणि दुसरंच टाइप केलं: ‘शनिवारी बाहेरगावी आहे. फोन करू नकोस. काळजी नसावी.’ आणि बटण दाबलं. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही. पुढचा फोन एका बाईंचा होता, त्यांच्या बिल्डिंगची लिफ्ट चौथ्या मजल्यावर अडकली होती, आत दोन माणसं. तो निरोप मात्र मी अगदी जसाच्या तसा पाठवला.

मला वाटलं होतं, एक शनिवार टळेल. तेवढ्यात नोकरीची मुदत जाईल, तू चिडशील, चार दिवस रुसशील आणि परत येशील. शुक्रवारी तू विचारलंस तेव्हाही सांगायची संधी होती. ‘टेबल सात,’ म्हणाले. स्वतःचं नाव लपवायला नियम किती छान उपयोगी पडला.

नंतर सगळं माझ्या हाताबाहेर गेलं. तू फोनवर येईनास. तो दोन शनिवार रिसीव्हर धरून उभा होता, मी बघत होते. तुझं पत्र आलं, ‘तुझं म्हणणं कळलं.’ तो म्हणाला, ‘ताई, मी काय म्हटलं गं?’ मी म्हणाले, ‘जाऊ दे रे, तिचं ठरलंच होतं.’ हे मी म्हणाले. याच तोंडाने.

माफी मागायची माझी लायकी नाही. तुला जे लिहायचं ते लिही, जे बोलायचं ते बोल. फक्त बावीस तारखेला ते पाकीट टाकू नकोस. त्याची काही चूक नव्हती गं. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

पाकीट टाकलेलं नाही. तेवढ्यासाठी हे पत्र लगेच लिहितेय, नाहीतर आठवडाभर तरी हातात पेन धरलं नसतं.

तुम्ही सगळं सांगितलंत, तर मीही एक सांगते. तुमचा आवाज मी पहिल्याच दिवशी ओळखला होता.

‘नमस्कार, पेजर नंबर सांगा’ हे तुम्ही कितीही साखरेत घोळून म्हणालात तरी तुमचा आवाज मला कळणार नाही? लग्नात सगळे दमून बसले होते तेव्हा माझ्या कानाशी येऊन ‘रडू नकोस गं, तो घोरत नाही’ म्हणणारा आवाज. तीन शिरा चुकल्या म्हटल्यावर तुम्ही माईकवर हात धरलात, तेही मला कळलं. बूथमध्ये मीही हसत होते.

आणि योगायोग नव्हता. मी सात ते तीनच्या आतच फोन लावायचे, कारण ती तुमची पाळी. दुसऱ्या कुणी उचलला की ‘चुकून लागला’ म्हणून ठेवून द्यायचे आणि परत लावायचे. कधी पाचदा, कधी सातदा. बूथवाला म्हणायचा, बाई, नंबर तरी नीट बघा. त्याला काय सांगू? मला परक्या बाईला सांगायची लाज वाटायची. तुम्ही ऐकताय याची कधी वाटली नाही. तुम्हाला बोलता येत नाही, मला ओळख दाखवता येत नाही, तरी आपण तिघं मिळून बोलतोय असं मला वाटायचं. त्या परक्या गावात माझं तेवढंच घर होतं.

नऊ ऑगस्टला नऊ वेळा फोन लावला. नवव्यांदा तुम्ही उचललात. म्हटलं, एवढा महत्त्वाचा निरोप आहे, घरच्या माणसाच्या हातूनच जाऊ दे.

ताई, दुसऱ्या कुणी तो निरोप घेतला असता आणि फोन आला नसता, तर मी परत विचारलं असतं. पोचला नसेल म्हटलं असतं. दहादा विचारलं असतं. पण तो तुमच्या हातून गेला होता. म्हणजे पोचलाच. म्हणूनच मी त्याला त्या शनिवारी, पाच वाजून दहा मिनिटांनी, नालायक ठरवून मोकळी झाले. तुमच्यावर शंका यायला मला दीड वर्ष लागलं, आणि ती आली तेव्हा मी आधी स्वतःलाच रागावले. टेबल सातवर कोण, हे विचारलं ते तुम्ही स्वतःहून सांगावं म्हणून.

माझंही चुकलं. तो फोनवर उभा होता आणि मी आतल्या खोलीत बसून ‘नाही म्हणा’ असे हात करत होते. ते तुमच्या खात्यावर टाकत नाही, ते माझं.

आई पडल्याचं, तुम्हा दोघींचं वाचून मला रडू आलं. सांगितलं असतंत तर मी ती नोकरीच घेतली नसती, किंवा तुम्हा तिघांना इकडे आणलं असतं. इथे तळमजल्यावर खोल्या मिळतात. हे आता लिहून काय उपयोग.

एक काम करा. मी त्याला काही लिहिणार नाही. निरोप मी तुम्हाला सांगितला होता, तो तुमच्याकडेच अडकलाय. तो त्याला पाठवा. त्याच टेबलावरून. तुमचं ऑफिस बंद व्हायच्या आत. आणि तो का उशिरा येतोय, तेही सांगा. तुमच्या तोंडाने.

सुई


२८ फेब्रुवारी

सुई,

पाठवला.

तुझं पत्र तेवीसला मिळालं. रोज सकाळी ठरवून जायचे, आज पाठवायचा, आणि रोज तीन वाजायचे. आज शेवटचा दिवस. फोन जवळपास येतच नव्हते. सुपरवायझरबाई पाटीचे खिळे काढत होत्या. पावणेदोनला मी हेडफोन नीट लावला, कुणाचाच फोन नसताना, आणि धाकट्याचा नंबर टाइप केला. ‘गुरुवार नऊ ऑगस्टचा निरोप, आज पाठवला आहे.’ मग तुझा, शब्दही न हलवता. तोंडाने परत वाचला, तू ऐकत असल्यासारखा. मग तिसरा: ‘हा मी अडवला होता. तुला गेला तो मी लिहिलेला होता. ताई.’ तिसरा गेल्यावर मी टेबलावर डोकं टेकलं. सुपरवायझरबाईंना वाटलं, नोकरी गेली म्हणून रडतेय. मला पाणी दिलं. बिचाऱ्या पाठीवरून हात फिरवत होत्या, आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, बाई, ती पाटी आधी माझ्या डोक्यात घाला.

मी घरी पोचले तर धाकटा आधीच येऊन बसला होता. कामावरून तसाच, हाताला ग्रीस. पेजर टेबलावर. मला वाटलं, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने पेजर उचलला, बटण दाबत दाबत मागे गेला आणि माझ्यापुढे धरला.

‘शनिवारी बाहेरगावी आहे. फोन करू नकोस. काळजी नसावी.’

अजून होता, सुई. दीड वर्ष त्याने तो पुसला नव्हता. तुझा शेवटचा निरोप म्हणून. सेल संपला की निरोप जातात, म्हणून तो सेल दातांत धरून बदलायचा, आणि मी त्याची थट्टा तुला पत्रात लिहून कळवली! त्याने जे जपलं ते तुझं नव्हतंच, माझं होतं. माझं ते घाणेरडं वाक्य त्याने छातीशी धरून ठेवलं होतं.

‘हे तुझं?’ म्हणाला.

‘हो.’

‘एवढंच? की आधीचेही?’

मला आधी समजलंच नाही. मग तो म्हणाला, ‘शिरा चुकल्याचा? तो स्वप्नाचा?’

‘ते तिचेच रे,’ म्हटलं, ‘आईशप्पथ, ते सगळे तिचेच.’ त्याने विश्वास ठेवला की नाही, मला सांगता येत नाही. मी त्याच्याकडून फक्त एक शनिवार घेतला असं समजत होते. आता त्याला तुझ्या कुठल्याच शब्दाचा भरवसा राहिला नाही. हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. एवढं एक तू त्याला सांग. माझ्या सांगण्याला आता किंमत नाही.

आई सगळं ऐकत होती. माझ्याकडे बघून एकच शब्द बोलली, ‘का?’ माझ्या जिभेवर आलं होतं, ‘तुझ्यासाठी.’ नाही बोलले. खरं नव्हतं ते. माझ्यासाठी केलं मी. ‘घाबरले होते गं,’ म्हटलं. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. संध्याकाळी भरवायला गेले तर माझ्या हातून खाल्लं नाही, धाकट्याच्या हातून खाल्लं.

तो उद्या पहाटेच्या गाडीने निघतोय. तिकडे येतोय. मला त्याने सांगितलं नाही, आईला सांगताना मी ऐकलं. हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर तो तिथे पोचलेला असेल. दार उघडायचं की नाही, ते तुझं तू ठरव. उघडलंस तरी माझ्यासाठी म्हणून उघडू नकोस.

आईची काळजी करू नका. शेजारच्या काकूंना आज तिसऱ्या प्रहरी बोलावलं आणि सरळ सांगितलं, मला एकटीला जमत नाही, याल का? त्या म्हणाल्या, अगं, एवढी वर्षं बोलली का नाहीस? दोघींनी मिळून उचललं. आधी गुडघ्यामागे हात. जमलं. पाच मिनिटांचं काम होतं, सुई. पाच मिनिटांचं.

ताई


२ मार्च

ताई,

हे पत्र नाही, निरोप आहे. आईंना द्यायचाय.

‘तो पोचला. दार उघडलं. स्वप्नाचं सांगितलं, त्याला पटलं. कागद टेबलावरच आहेत. पुढचं ठरलं नाही.’

मोजला नाही, शंभरात बसतो की नाही माहीत नाही. तुमच्यावरचा राग गेलेला नाही, तो लवकर जाणारही नाही. पण तो म्हणाला, आपण काकूंच्या फोनवर निरोप ठेवू, त्या आईला सांगतील. मी नको म्हटलं.

आईंच्या जवळ बसा, त्या भिंतीकडे तोंड करून असल्या तरी, आणि वाचून दाखवा. जसाच्या तसा. टेबल सातनेच.

सुई